एक्केचाळीस नंबरचा निळा पट्टा

१४ मे

कनिशाय,

एक्केचाळीसला पिस्ते लागलेत.

एवढंच लिहून पाकीट चिकटवणार होते. पण तू म्हणशील, झुपारला आता झाडंसुद्धा ओळखू येईनात. म्हणून नीट लिहिते. एक्केचाळीस म्हणजे तेच, झऱ्याच्या वरचं, दोन खोडांचं, बुंध्यावर वनखात्याचा लाल पट्टा असलेलं. लाल म्हणजे नर, पांढरा म्हणजे मादी. पट्टा तूच रंगवलास, डबा मी धरला होता. तेव्हापासून दर एप्रिलला त्याला तांबूस तुरे येतात, वाऱ्यावर पराग उडतो आणि पुढे काही नाही. नर झाडाला असायचं तरी काय! यंदाही तुरे आले, पराग उडाला. आणि आपल्या खिडकीकडे तोंड असलेल्या खोडावर, वर उंच, अकरा घोस धरलेत. शिडी लावून हातात घेऊन पाहिले. किडीच्या गाठी नाहीत. पिस्तेच आहेत.

‘आपल्या खिडकीकडे’ लिहून गेले. माझ्या खिडकीकडे. असो, खोडत बसत नाही.

तुझा पत्ता वेनेरा सादिकोव्नाने दिला. मार्चमध्ये विद्यापीठातर्फे झाडं मोजायला आली होती. जाड चष्मा, मोठ्याने हसणारी बाई. बोलता बोलता म्हणाली की बिश्केकला तुझ्याच हाताखाली शिकली. मी चहा ओतत होते, तो सगळा बशीत गेला. तिने फोन नंबरही दिलाय, पण फोन मी करणार नाही. आवाज ओळखून तू बंद करशील. कागद निदान उघडावा तरी लागतो.

‘एक्केचाळीसला पिस्ते लागले की बोलाव मला!’ असं तू बसच्या पायरीवरून ओरडली होतीस. सगळी बस हसली, ड्रायव्हरसुद्धा. त्याला एकोणीस वर्षं झाली. मी बोलावत नाहीये. फक्त कळवतेय. नोंद म्हणून.

झुपार
वनरक्षक

३ जून

कनिशाय,

उत्तर नाही. टपालाला उशीर होतो, मला माहीत आहे.

अकरा नाहीत, एकोणीस घोस आहेत. हसू नकोस. मला मोजता येतं, आयुष्यभर तेच केलंय. मेमध्ये अकरा होते, काल एकोणीस. आता फुलं नाहीत, तुरे नाहीत, मग हे आठ कुठून धरले ते तूच सांग. तू शिकलेली आहेस.

आणि ते वाजतं.

ऑगस्ट सरता सरता पिस्ता पिकतो, कवच फुटतं, टक् करून आवाज होतो, ते कोण जाणत नाही? त्या दिवसांत माणसं नान आणि चहा घेऊन मुद्दाम झाडाखाली जाऊन बसतात. पण आत्ता जून आहे गं. कवच अजून नखाने चिरलं जातं. फुटायला आत आहे काय? तरी भर दुपारी, वारा मेलेला असताना, वरून टक्. थोड्या वेळाने पुन्हा टक्. मला वाटलं माझेच कान वाजतायत. पण शेजारची तोक्तोब्युब्यू आपा झऱ्यावर पाण्याला आली होती, ती बादली टाकून उभी राहिली. म्हणाली, "तुझ्या झाडाला दात फुटतायत, बाई. आता चावायला लागेल." मग स्वतःच हसली आणि हसता हसता पाणी न भरताच गेली. बकऱ्याही हल्ली त्या सावलीत बसत नाहीत.

तुला झाडावरच्या चिंध्यांचं सांगायला हवं. तुझ्या वेळी नव्हत्या. आता उत्तरेचं खोड दिसत नाही इतक्या आहेत. बायका येतात, मनातलं बोलतात, पट्टी बांधून जातात. कुणाचा गुडघा, कुणाचा रशियात गेलेला मुलगा, कुणाला मूल हवं. गावाने त्याची मजार करून टाकली आहे. मौलवी सापारबायला हे पटत नाही. पण त्याची सून मिरगुल गेल्या शरदात लाल पट्टी बांधून गेली, पाच वर्षं कूस उजवली नव्हती, आणि आता तिला पाचवा महिना आहे. तेव्हापासून मौलवी या बाजूने जाताना खाली बघून चालतो.

पहिली पट्टी कोणी बांधली ते कुणालाच ठाऊक नाही. मलाही नाही.

झुपार

२७ जून

कनिशाय,

मागच्या पत्रात एक गोष्ट खोटी लिहिली. पहिली पट्टी मी बांधली.

तुझी निळी ओढणी दारामागच्या खुंटीवर राहिली होती. तू गेलीस त्याच जूनमध्ये मी तिची बोटभर पट्टी फाडली आणि एक्केचाळीसवर कलमाचा डोळा भरला. सतरा नंबरच्या मादीची काडी घेतली. तू शिकवलंस तसंच सगळं: सालीला उभी चीर, आडवी चीर, डोळा आत सरकवायचा, वरून घट्ट पट्टी, डोळा तेवढा उघडा. पंधरा दिवसांनी काळा पडला. पिस्ता या बाबतीत महा हट्टी, तुझ्या हातूनही दहातले चारच लागायचे. पुढच्या जूनमध्ये पुन्हा. त्याच्या पुढच्या जूनमध्ये पुन्हा. एकोणीस डोळे भरले, एकोणीस मेले. ओढणीची आता फक्त किनार उरली आहे.

का, ते विचारू नकोस. तू अशक्य अट घातलीस आणि मी ती लबाडीने पुरी करायला निघाले. नर झाडावर मादीचा डोळा बसवायचा, पिस्ते धरले की तुला साळसूदपणे बोलवायचं. समोरचं दार बंद दिसलं की कुंपणाखालून घुसायचं, माझी जुनी खोड. तुझ्याइतकं ते कुणाला माहीत आहे!

चिंध्यांचं तेव्हापासूनच सुरू झालं. तिसऱ्या की चौथ्या वर्षी तोक्तोब्युब्यू आपाने विचारलं, "झाडाला निळी चिंधी कुणी गं बांधली?" मी कानावर हात ठेवले. म्हटलं, मला काय माहीत. आपल्याकडे झऱ्यावरच्या झाडाला चिंधी दिसली की लोक कलम समजत नाहीत, नवस समजतात. तिने आपल्या गुडघ्यासाठी एक बांधली. गुडघा बरा झाला, तिची जीभ तर कधी आजारी नव्हतीच, महिन्याभरात गावभर झालं. पट्ट्या वाढल्या, त्यात माझी एक कुणाला दिसणार? मला सोयीचंच होतं.

आता तू म्हणशील, मग लागला असेल एखादा डोळा, एवढं काय घाबरायचं. मीही आधी तेच समजले. स्वयंपाकघरात एकटीच नाचले, सत्तेचाळिसाव्या वर्षी, चुलीपुढे. पण कनिश, माझे सगळे डोळे उत्तरेच्या खोडावर, छातीच्या उंचीवर. पिस्ते लागलेत दुसऱ्या खोडावर, शिडीच्या शेवटच्या पायरीवरून हात पुरेल तिथे. त्या खोडाला मी जन्मात सुरी लावलेली नाही.

मी फसवायला बसले होते आणि त्या झाडाने ते खरंच केलं. आता तू विश्वास कसा ठेवशील, याचीच मला काळजी लागली आहे.

झुपार

२२ जुलै

कनिशाय,

दोन गोष्टी झाल्या, दोन्ही वाईट.

मीच वेनेराला बोलावलं. म्हटलं, माझ्यावर नाही तर तुझ्या शिष्येवर तरी तुझा विश्वास बसेल. मंगळवारी आली. शिडीवर चढली, भिंग लावून तासभर साल बघितली. उतरून म्हणाली, "कलम नाही. व्रण नाही. फांदी याच झाडाची आहे." मग म्हणाली, "असं होतं कधी कधी. झाड आपल्याला विचारून नर-मादी होत नाही." बोलली तुझ्यासारखंच. तुझा सूर लावून बोलली म्हटलं तरी चालेल.

नमुना म्हणून तिने पिस्ते लागलेली एक काडी कापली. कापलेलं तोंड बघितलं आणि तिचं हसणं गेलं. गाभ्यात निळा दोरा होता.

ती चटकन म्हणाली, "सालीने गिळला असेल. झाडं काहीही गिळतात, तार, खिळे, कुंपण." पण कनिश, खिळा जिथे ठोकला तिथेच राहतो, झाडाबरोबर वर चढत नाही, हे मला तू शिकवलंस. पट्टी बांधली होती दुसऱ्या खोडाला, माझ्या छातीशी. काडी ह्याच वर्षीची, कोवळी, माझ्या डोक्याच्या कितीतरी वर. ओढून बघितला तर दोरा निघेना. आत, फांदीच्या दिशेने, पुढे गेलेला. वेनेराने काडी पिशवीत टाकली, गाडीपर्यंत गेली, परत आली आणि काडी माझ्या हातात दिली. "मला हे न्यायचं नाही, झुपार एजे." थोरल्या बहिणीसारखी एजे म्हणते मला, आणि एवढंच बोलून गेली. ती काडी तुझ्या खुंटीखाली फडताळात ठेवली आहे. अजून वाळलेली नाही.

दुसरी गोष्ट. शुक्रवारी मिरगुलचं बाळ गेलं. सातव्या महिन्यात. मुलगा होता.

शनिवारी कुणीतरी एक्केचाळीसचे चार पिस्ते तोडून दगडाने फोडले. चारही पोचट. कवच भरलेलं, गोल, आणि आत काही नाही. आणखी फोडले, तेही तसेच. मग काय, गावाला दोन आणि दोन जोडायला वेळ लागतो का! झाडाने पोचट दिलं, तिच्या पोटात पोचट गेलं, असं बोलायला लागले. मिरगुलच्या कानावर जाईल याची लाजही नाही.

मौलवी सापारबायने नमाजानंतर झाडापाशी येऊन सांगितलं, ऐकणाऱ्यांत मीही होते. तीन दिवसांत दहा वर्षांनी म्हातारा झालाय. म्हणाला, "जे नर नाही नि मादीही नाही, त्याच्यापुढे आपल्या बायका हात पसरतात. मी गप्प बसलो, माझ्या घराने फळ भोगलं. आता एकच विचारतो. पहिली पट्टी कुणी बांधली? कुणा पीराने स्वप्नात येऊन सांगितलं असेल, तर जागा त्याची, मी हात लावणार नाही. माणसाने आपल्या मतलबाने बांधली असेल, तर ते साधं लाकूड आहे. सोळा ऑगस्टला, शुक्रवारी, सगळ्यांसमोर विचारीन. करवत बरोबर असेल."

झाडाखाली उभी राहून मी हे सगळं ऐकलं. वरून टक्.

झुपार

९ ऑगस्ट

कनिश,

तू वाचतेस की नाही, मला माहीत नाही. पत्रं परत येत नाहीत, त्यावरून मी काय समजायचं ते समजते.

तोक्तोब्युब्यू आपा परवा तळलेले बोरसोक घेऊन आली. दार लावलं, खुर्ची जवळ ओढली. म्हणाली, "मी काही आंधळी नाही. जूनमध्ये तू सुरी घेऊन जातेस, मला दिसतं. कशाला, ते विचारणार नाही. शुक्रवारी उभी राहा नि सांग, पांढऱ्या कपड्यातला म्हातारा स्वप्नात आला होता. मी म्हणते, मलाही आला होता. त्याच्या दाढीपर्यंत सगळं सांगते. माझं काय जातंय?"

सोपं आहे ना? एक खोटं, आणि झाड वाचलं. तू येशील तेव्हा, आलीस तर, ते उभं असेल, तुला दाखवता येईल. झाडच पडलं तर माझ्याकडे काय उरतं? काडी? काडीवर तू विश्वास ठेवशील? माझी सगळी धडपड तू ते बघावंस एवढ्यासाठी आहे, हे आता लपवत नाही.

पण मला एकोणीस वर्षांपूर्वीचा शुक्रवार आठवतो आहे.

तुझ्या वहीतली ती झाडं. एका अंगाला नराचे तुरे आणि दुसऱ्या अंगाला मादीचे असलेला ओढ्यावरचा विलो. सहा वर्षं नर राहून सातव्या वर्षी फळलेली शाळेमागची तुती. त्यांच्यापुढे तू लाल लिहायची नाहीस की पांढरा लिहायची नाहीस. कार्यालयात जाऊन निळा रंग मागितलास. साहेब म्हणाले, "बाई, रंग दोनच येतात." तू चिडून घरी आलीस, बाजारातून स्वतः डबा आणलास, आणि पहिला निळा पट्टा माझ्या मनगटावर ओढलास. दुसरा मी तुझ्या. म्हणालीस, "ही नोंद कुठल्या वहीत जायची नाही, म्हणून इथे." कनिश, एवढं सुख मला झेपेना. मी रात्रंदिवस बाही ओढून फिरायचे.

मग त्या शुक्रवारी तुझे भाऊ आले. जीप खाली दिसली आणि मी मागच्या दारी जाऊन रॉकेलच्या चिंधीने मनगट घासलं. रंग गेला, कातडं गेलं. पुढे आले तर तू दारात उभी, बाही वर, पट्टा तसाच. थोरल्या भावाने मला विचारलं, "ही तुझी कोण?" मी म्हणाले, "कोणी नाही. खात्याने दोघींत एक खोली दिली, म्हणून राहतो."

माझ्याजवळून आत जाताना फक्त थांबलीस आणि रॉकेलचा वास घेतलास. दुसऱ्या दिवशी बस.

एकोणीस वर्षांत मी त्या वासाबद्दल एकदाही माफी मागितली नाही. आज मागते. चुकले मी. भ्याले. त्यांना नाही, गावाला.

येत्या शुक्रवारी मला पुन्हा विचारणार आहेत. शब्द वेगळे असतील, प्रश्न तोच आहे. खरं सांगितलं तर झाड जाईल. खोटं सांगितलं तर झाड राहील, पण मग ते मी तुला कुठल्या तोंडाने दाखवू?

झुपार

१७ ऑगस्ट

कनिश,

काल झालं.

सत्तर-ऐंशी माणसं असतील. पुरुष झऱ्याच्या या बाजूला, बायका त्या बाजूला. सापारबायने करवत बुंध्याशी ठेवली होती, लाल पट्ट्याला टेकवून. ऊन असं की डोळे उघडवत नव्हते. त्याने विचारलं, "पहिली पट्टी कुणी बांधली?" आपा घसा खाकरून उठायच्या तयारीत. मी तिच्या आधी उभी राहिले.

"मी बांधली. मला कुणाचं स्वप्न पडलं नाही. ओढणी कनिशायची होती. ती परत यावी म्हणून बांधली. एकोणीस वर्षं बांधते आहे."

जुन्या माणसांना तू आठवत होतीस. कुजबूज झाली. आपाने माझी बाही ओढली. बिचारी अजून मला वाचवत होती. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मैत्रीणच ना गं ती तुझी? बहिणीसारखी?"

दार उघडं होतं, कनिश. आपाने माझ्यासाठी उघडून धरलं होतं. हो म्हटलं असतं तर सगळे घरी गेले असते.

मी म्हणाले, "नाही, आपा. बहिणीसारखी नाही."

आपाने माझी बाही सोडली. आणि तेवढ्यात वरून टक् झालं. सगळ्यांनी मान वर केली. एकदा होऊन थांबलं नाही, टक्, टक्, टक्, घोसाघोसातून, आतून कुणी दार ठोठावावं तसं. एक पोरगी रडायला लागली. पुरुषांतल्या दोघा-तिघांनी मागे पाऊल घेतलं.

सापारबाय हलला नाही. माझ्याकडे न बघता म्हणाला, "म्हणजे माणसानेच. आणि कशासाठी, तेही ऐकलं सगळ्यांनी." वाकून त्याने करवत उचलली.

तेव्हा मिरगुल उठली. बाळ जाऊन चाळीस दिवस व्हायचे होते, तिने यायलाच नको होतं. अंगावर सासूचा कोट, या उन्हात. तुला ठाऊक आहे, आपल्याकडची सून सासऱ्यासमोर तोंड उघडत नाही, त्याचं नावही घेत नाही. पाच वर्षांत त्याने तिचा आवाज धड ऐकला नसेल. ती थेट झाडापर्यंत चालत आली, त्याच्या आणि बुंध्याच्या मध्ये उभी राहिली, आणि बोलली माझ्याशी.

"झुपार एजे, पट्टी बांधताना काही म्हणायचात?"

"म्हणायचे."

"काय?"

"परत ये म्हणायचे."

"बस, एवढंच?"

"एवढंच."

तिने लाल पट्टी शोधली. तिचीच होती, उन्हाने विटकी गुलाबी झालेली. तिच्यावर हात ठेवून म्हणाली, "मीही आता तेवढंच म्हणते. रोज. मग माझ्या पट्टीत आणि यांच्या पट्टीत फरक काय?"

सापारबाय म्हणाला, "बाजूला हो, पोरी."

"नाही होणार," ती म्हणाली. "माझं जे होतं ते मी या झाडापाशी मागितलं होतं. आत्ता दुसरीकडे कुठे त्याची खूण नाही. तुम्ही कबरीवर नावही घातलं नाहीत, लहान म्हणून. हे कापलंत तर मी कुठे जाऊ?"

म्हातारा करवत खांद्यावर टाकून उतरायला लागला. जाताना माझ्यासमोर थांबला. मला वाटलं थुंकेल. नुसता बघून गेला. त्याचे डोळे भरले होते.

झाड उभं आहे. लाज वाटत नाही हं. हलकं हलकं वाटतंय, आजारातून उठल्यासारखं.

झुपार

८ सप्टेंबर

कनिश,

गावातले निम्मे लोक मला सलाम करत नाहीत. नानवाली नान मोजून देते, बोलत नाही. कार्यालयातून बोलावणं आलंय, कशासाठी ते लिहिलेलं नाही. खोली सोडावी लागेल कदाचित. तोक्तोब्युब्यू आपा दहा दिवस फिरकली नाही. अकराव्या दिवशी आली, चहा मागितला आणि म्हणाली, "मी दाढीसुद्धा ठरवून ठेवली होती. मला आधी सांगायचंस तरी." म्हणजे आमचं बोलणं सुरू झालं.

गुरुवारी मिरगुल आली. तुझा निळा डबा माळ्यावर होता, मी कधी टाकला नाही. उघडला तर वरती जाड कातडं, खाली गाळ. पातळ करायला घरात दुसरं काही नव्हतं, रॉकेल घातलं. तोच वास आला, तरी ढवळत राहिले. लाल पट्ट्यावर आम्ही दोघींनी निळा ओढला. पट्टा वाकडा झालाय, तू नावं ठेवशील. रंग माझ्या मनगटाला लागला. धुतलेला नाही.

काल दुपारी पिस्ते उतरवले. वाळूचा कण हलेल एवढाही वारा नव्हता. मी शिडीवर, मिरगुल खाली पोतं धरून. उघडलेले दिसत होते सगळे. टोपलीभर निघाले. मग नेहमीसारखं पाण्याच्या घंगाळात ओतले. भरलेला बुडतो, पोचट तरंगतो. सगळे तरंगले. मला माहीतच होतं. मिरगुल एकेक मूठ काढून टाकत होती. शेवटची मूठ काढली आणि थांबली. म्हणाली, "एजे, तळाशी एक आहे."

एकच. मिटलेला, जड. आम्ही तो तीनदा वर काढून तीनदा टाकला. तीनदा बुडला. मी तो तिच्या हातात ठेवला. म्हटलं, तुझा. तिने बराच वेळ मूठ मिटून धरली, कानाला लावली, आणि मला परत दिली. "याच्यावर माझं नाव नाही," म्हणाली. "पाठवा त्यांना."

या पाकिटात आहे. चिंधीत बांधलाय, ती तुझ्या ओढणीची शेवटची किनार. फोडलेला नाही.

झाडावर आता एकही पिस्ता उरलेला नाही. तरी आज सकाळपासून टकटक चालू आहे. खिडकी उघडी ठेवून लिहितेय. पूर्वी भीती वाटायची, आता सवय झाली. फक्त एक सांगते, सकाळी ऐकताना वाटलं की आवाज झाडावरून येत नव्हता, पाकिटातून येत होता.

माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नकोस. तू तशीही स्वतः बघितल्याशिवाय काही मानायची नाहीस, आणि मी तुला तसं कारणही दिलंय. वाटीत पाणी घे आणि त्यात टाक. तरंगला तर मी पुन्हा लिहिणार नाही.

बुडला तर, कनिश, जलालाबादहून आमची बस सकाळी आठला सुटते. जुन्या ठिकाणाहून नाही, बाजाराच्या मागच्या फाटकातून. ती थांबते त्या उतारापर्यंत मी रोज येते.

झुपार